व्हिएतनाममध्ये बाहेर खायचं तर नेमकं कुठे बसायचं?

पायवाट
फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हिएतनामचा दहा दिवसांचा बेत आहे: ५ तारखेला हनोईत उतरायचं, मग ह्वे, होई आन आणि शेवटी सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी). तिकिटं अजून काढलेली नाहीत. सहा जण आहोत. दोघं काटेकोर शाकाहारी, दोघं गाय-डुक्कर खात नाहीत, उरलेले दोघं समोर येईल ते खातात.
‘अमुक शहरातली दहा उत्तम रेस्टॉरंटं’ छापाच्या याद्या भरपूर वाचल्या, प्रत्येकीत वेगळी दहा नावं. मला यादी नको आहे. दारात उभं राहून आत शिरायचं की पुढे जायचं हे कसं ठरवायचं, कुठल्या गावात काय खायचं आणि काय टाळायचं, एवढं जाणकारांनी सांगावं.

गवतीचहा
प्रश्न थोडा फिरवून घ्या. तिथे ‘चांगलं रेस्टॉरंट कुठलं’ असं कोणी विचारत नाही. ‘बुन चा कुठला’, ‘फो कुठला’ असं विचारतात (फो म्हणजे मांसाच्या रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल, बुन चा म्हणजे भाजलेलं डुक्कर आणि तांदळाच्या शेवया). कोल्हापुरात मिसळीच्या दुकानात जाऊन कोणी मसाला डोसा मागत नाही, तसंच. चांगलं दुकान एकच पदार्थ करतं, फार तर त्याचे तीन-चार प्रकार. म्हणून पाटीवर आधी पदार्थाचं नाव असतं आणि मालकिणीचं, रस्त्याचं किंवा घरनंबराचं नाव मागून येतं. पाटीवर तीस पदार्थ आणि फोटोंचा ॲल्बम दिसला तर समजायचं, हे पर्यटकांसाठी आहे.

दुसरी गोष्ट वेळ. फो सकाळी ६ ते १०. बुन चा दुपारी साडेदहा-अकरापासून दीड-दोनपर्यंत. सायगॉनचा कम ताम (तांदळाच्या कणीचा भात) सकाळी आणि पुन्हा रात्री उशिरा. पातेलं संपलं की दुकान बंद. दुपारी तीनला नावाजलेलं फोचं दुकान शोधत निघालात तर धुतलेली पातेली पाहायला मिळतील. दिवसभर सगळं मिळणारी जागा वाईटच असते असं नाही, पण तिथला रस्सा सकाळपासून आटत, पाणी घालून वाढत आलेला असतो.

तिसरं, स्टूल. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं आणि त्यावर बसलेली ऑफिसातली माणसं दिसली तर बिनधास्त बसा. गर्दीचा अर्थ चव एवढाच नाही. गर्दी असली की मांस, नूडल आणि पाला पडून राहत नाही, आणि पोटाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं.

रस्सावाला
वाखुसा (वाचनखूण साठवली). गुडघ्याएवढ्या स्टुलाबद्दल एक शंका: चाळिशीपुढच्यांनी उठायचं कसं?

गवतीचहा
@रस्सावाला, शेजारच्या टेबलाला धरून. टेबलही गुडघ्याएवढंच असतं, तेव्हा सावकाश.

नीरफणस
पाट्यांबद्दल थोडी भर. ‘क्वान’ म्हणजे साधं खाण्याचं दुकान, ‘न्या हांग’ म्हणजे टेबलक्लॉथवालं रेस्टॉरंट. ‘कम बिन्ह झान’ म्हणजे सरळसरळ खाणावळ: काचेमागे पंधरा-वीस तयार पदार्थ, बोटाने दाखवायचं, भातावर वाढून देतात. घरगुती जेवण चाखायला हीच जागा, पण साडेअकराला जा, एकनंतर तळाचं उरतं. ‘झा चुयेन’ म्हणजे घराण्याची पिढीजात कृती. आपल्याकडच्या ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ पाट्यांइतकाच त्यावर विश्वास ठेवायचा.

पत्त्यांचा घोळ समजून घ्या. घरनंबरात तिरकी रेघ असेल, उदा. २८०/२३, तर रस्त्यावरच्या २८० क्रमांकाशेजारच्या बोळात शिरायचं आणि आत २३ नंबर शोधायचा. बोळाला हनोईत ‘ङो’, मध्य भागात ‘कियेत’ आणि सायगॉनमध्ये ‘हेम’ म्हणतात. दा नांगमधलं ‘बान सेओ बा झुओंग’ हे बान सेओचं (तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत धिरडं) प्रसिद्ध दुकान असंच होआंग झिएऊ रस्त्यावरच्या बोळाच्या टोकाला आहे. बोळाच्या तोंडाशी तोच पदार्थ विकणारे ‘इकडे या, इकडे या’ करत असतात. त्यांना ओलांडून शेवटपर्यंत जायचं.

आणि १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा हा प्रशासकीय स्तरच काढून टाकला. ‘डिस्ट्रिक्ट १’ वगैरे जुन्या पत्त्यात दिसेल, लोक बोलतातही, पण नव्या पत्त्यात फक्त वॉर्ड असतो. रस्ता आणि नंबर जुळला की झालं.

चिंगळी
फोबद्दल कोणीतरी नीट लिहा हो. बाकी सगळं नंतर.

तिखटजाळ
@चिंगळी, घ्या.

हनोईचा फो आणि सायगॉनचा फो हे दोन वेगळे स्वभाव आहेत. हनोईत रस्सा निवळ आणि खारट अंगाचा, नूडल रुंद, वर भरपूर कांद्याची पात. टेबलावर लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची, लिंबू एवढंच. सोबत ‘क्वाय’ नावाची तळलेली पोकळ काडी मिळते, ती रश्श्यात बुडवायची, पण अर्धा मिनिटच, नाहीतर लगदा होतो. सायगॉनमध्ये रस्सा गोडसर, नूडल बारीक, आणि शेजारी अख्खी परडी: मोड, तुळशीच्या कुळातली पानं, करवती कडांची लांब कोथिंबीर, शिवाय काळा गोड सॉस आणि लाल मिरचीचा सॉस.

गोमांसाच्या कापांची नावं लक्षात ठेवा. ‘ताय’ म्हणजे कच्चे पातळ काप, उकळता रस्सा ओतला की वाडग्यातच शिजतात. ‘चीन’ म्हणजे पूर्ण शिजलेलं. ‘गाउ’ म्हणजे चरबीची कड असलेलं. हनोईत लो दुक रस्त्यावर १३ नंबरला ‘फो थिन’ आहे, तिथे ‘ताय लान’ मिळतं: लसणावर मोठ्या आचेवर परतलेलं मांस आणि वर पातीचा डोंगर. बात दान रस्त्यावर ४९ नंबरला जुन्या पद्धतीचं दुकान आहे. रांगेत उभं राहायचं, आधी पैसे द्यायचे, आपला वाडगा आपणच टेबलावर न्यायचा. मालक हसले नाहीत तर मनावर घेऊ नका.

रस्सा चांगला आहे हे ओळखायचं कसं? हाडं आधी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळून ते पाणी फेकून देतात, हाडं धुतात आणि मग मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात. आच वाढली की चरबी पाण्यात फेटली जाते आणि रस्सा गढूळ होतो. म्हणून वाडग्यात चमचा बुडवल्यावर चमच्याचा तळ दिसला पाहिजे आणि तेलाचे बारीक मणी वर सुटे तरंगले पाहिजेत. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलचीची चुलत बहीण, भाजलेलं आलं आणि भाजलेला कांदा हे सगळं असतं, पण नाकात एकटं चक्रीफूल घुसत असेल तर मसाल्याने हाडांची उणीव झाकली आहे.

आणि कृपा करून सॉसच्या बाटल्या पहिल्या मिनिटाला वाडग्यात पिळू नका. आधी दोन चमचे नुसता रस्सा, मग लिंबाचे थेंब. सॉस लहान बशीत वेगळा घ्यायचा आणि मांस त्यात बुडवायचं.

उंडगा
हनोईचा फो म्हणजे आजाऱ्याची पेज. सायगॉन झिंदाबाद.

तिखटजाळ
@उंडगा, तुम्ही वरणातही सॉस घालत असाल.

उंडगा
वरणात नाही, पिठल्यात.

सदाफुली
गंमत सोडून उंडग्यांच्या बाजूने एक मुद्दा: सायगॉनमध्ये पास्तर रस्त्यावरचं ‘फो होआ’ हे दक्षिणी पद्धतीचं चांगलं उदाहरण आहे, आणि हनोईचा फो आवडून आलेल्यांनी तिथे मुद्दाम खावं, म्हणजे वाद कशाबद्दल आहे ते कळतं. मोड कच्चे नको असतील तर उकळत्या पाण्यातून काढून मागा, देतात. कच्च्या पाल्याची धास्ती असलेल्यांनी हेच करावं.

माहीमकर
गाय-डुक्कर न खाणाऱ्यांसाठी.

‘बो’ म्हणजे गाय, ‘गा’ कोंबडी, ‘का’ मासा, ‘तोम’ कोळंबी. डुकराला उत्तरेत ‘लन’ आणि दक्षिणेत ‘हेओ’ म्हणतात, दोन्ही ठेवा. ‘खोंग’ म्हणजे नाही: ‘खोंग बो’, ‘खोंग हेओ’.

फो गा, म्हणजे कोंबडीचा फो, हा सोपा मार्ग. पण फक्त कोंबडीचाच फो करणारं दुकान शोधा. पाटीवर ‘बो’ आणि ‘गा’ दोन्ही असतील तर पुष्कळ ठिकाणी रस्सा गोमांसाच्या हाडांचा आणि वर कोंबडी असा प्रकार असतो. तेवढं चालणार असेल तर प्रश्न नाही.

होई आनला ‘कम गा’: हळदीच्या आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला पिवळा भात, वर हाताने पिंजलेली कोंबडी, कांदा आणि पुदिन्याच्या जातीची पानं. दा नांग-होई आन भागात ‘मी क्वांग’ कोंबडीचा मिळतो, ‘मी क्वांग गा’ मागा. यात रस्सा मुद्दामच थोडा असतो, नूडलच्या निम्म्यापर्यंत. ‘रस्सा वाढा’ म्हणून हातवारे करू नका. वरचा तांदळाचा पापड चुरून घालायचा, शेंगदाणे ढवळून घ्यायचे.

बुन चा, कम ताम, काव लाउ ही तिन्ही नावं म्हणजे डुक्कर. ‘बुन बो ह्वे’मध्ये नाव गाईचं असलं तरी डुकराचा पायही असतो आणि रक्ताची वडीही. बान सेओमध्ये साधारणपणे कोळंबीबरोबर डुकराचे काप असतात. ते न घालता करून देतात, कारण धिरडं तुमच्यासमोर घातलं जातं.

शेपू_नको
चा काबद्दल कोणीच बोललं नाही? हळद लावलेला मासा ना?

गवतीचहा
@शेपू_नको, तुमचं नाव पाहून मुद्दाम टाळलं होतं. चा का हा हळद आणि शेपूचा पदार्थ आहे. तोही चिमूटभर शेपू नाही, जुडीच्या जुड्या.

हनोईच्या जुन्या भागात चा का नावाचा रस्ताच आहे आणि १४ नंबरला ‘चा का ला वोंग’ हे त्याचं मूळ दुकान. मासा मांजरमाशाच्या जातीचा, काटे काढलेला, हळद आणि कुलिंजन लावून आधी भाजलेला असतो. टेबलावर शेगडी आणि तव्यात तेलात तडतडणारे तुकडे येतात. त्यात शेपू आणि पात घालायची आणि मिनिटभरात काढायची. शेपू काळा पडला की संपलं. मग आपल्या लहान वाडग्यात थोडे बुन (तांदळाच्या पांढऱ्या शेवया), त्यावर मासा, शेपू, शेंगदाणे, आणि वर सॉस. नवखे सगळ्या शेवया तव्यात ओततात, त्याचा गोळा होतो आणि तळाला चिकटतो.

सॉस ‘माम तोम’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी. वास जबर. लिंबू पिळून, साखर घालून, फेस येईपर्यंत काडीने फेटली की नरमते. सुकट-जवळ्यावर वाढलेल्यांना दुसऱ्या घासाला जमते. बाकीच्यांनी ‘नुओक माम’ मागावं, म्हणजे माशाचं खारं पाणी, लिंबू-साखर घालून पातळ केलेलं. न विचारताही पुष्कळदा दोन्ही आणून ठेवतात.

शेपू_नको
मंडळ आभारी आहे. मी बान मी खाईन.

नीरफणस
@शेपू_नको, बान मीतही (सारण भरलेला पाव) नियम आहेत. पावाचं कवच पातळ आणि आतून जवळजवळ पोकळ असतं. भट्टीतून काढल्यावर काही तासांत कवच चिवट होतं, म्हणून ‘प्रवासात खाऊ’ म्हणून बांधून घेऊ नका. गाडीसमोर उभं राहून खा. मांस नको असेल तर अंड्याचा ‘बान मी चुंग’ मागा, पण ‘खोंग पाते’ म्हणायला विसरू नका, नाहीतर काळजाची पेस्ट आधीच फासलेली असते. सायगॉनचं ‘ह्विन्ह होआ’ प्रसिद्ध आहे, एक पाव दोघांना पुरतो, पण तो नखशिखान्त डुकराचा.

हिंगाष्टक
शाकाहाऱ्यांचं काय? इथे सगळे हाडांत रमले आहेत. माझ्या मते व्हिएतनाम शाकाहाऱ्यांसाठी नाहीच. माशाचं पाणी नसलेला पदार्थ नाही. थेपले न्या.

सदाफुली
@हिंगाष्टक, ठाम असहमत. साध्या दुकानात ‘मांस काढून द्या’ म्हणालात तर तुमचं म्हणणं खरं: हाडांच्याच रश्श्यातून मांस उपसून देतील आणि मनापासून देतील. तिथे हट्ट करूच नका. ‘चाय’ अशी पाटी असलेल्या दुकानात जा. चाय म्हणजे बौद्ध शाकाहार. आत माशाचं पाणी नसतं, त्याऐवजी सोयाबीनचं खारं पाणी वापरतात. काही जागी कांदा-लसूणही नसतो, कारण बौद्ध मठांत पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. तुमच्या नावासाठी सांगते, त्या पारंपरिक यादीत हिंगाचंही नाव आहे.

प्रत्येक गावात चायची दुकानं असतात, देवळांच्या आसपास जास्त. खाणावळ पद्धतीची असेल तर भात आणि चार भाज्या ४०-५० हजार डोंगांच्या आसपास. घाबरू नका, रुपयाला ढोबळमानाने ३०० डोंग धरा. शेवटची दोन शून्यं उडवून तिनाने भागलं की रुपये. ५०,००० म्हणजे १६०-१७० रुपये. सायगॉनमध्ये ‘हुम’ हे निवांत बसण्याजोगं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथे अर्थातच बिल वेगळं.

मांसासारखं दिसणारं खूप येईल, अगदी माशाच्या आकाराचंही. ते सोयाबीन, गव्हाचं सत्त्व आणि अळंबी असतं. दचकू नका.

माहीमकर
सापळे सांगतो, शाकाहाऱ्यांनी लिहून ठेवा.

१. ‘बान कुओन चाय’. बान कुओन म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफेवर काढलेली झिरझिरीत पारी, मोदकाच्या पारीपेक्षाही पातळ. हनोईत इथे ‘चाय’चा अर्थ फक्त ‘सारण नसलेली’. सोबतची वाटी माशाच्या पाण्याचीच.
२. ‘सोय सेओ’. हळदीचा चिकट भात, वर मुगाच्या डाळीच्या गोळ्याची सुरीने काढलेली पिवळी साल आणि तळलेला कांदा. दिसायला शंभर टक्के आपला. पण वरून ओततात ते तेल बहुतेक वेळा कोंबडीची किंवा डुकराची चरबी. विचारा.
३. परतलेली हिरवी पालेभाजी. लसूण दिसतो, सॉस दिसत नाही.
४. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर उत्तरेत ‘लाक’, दक्षिणेत ‘दाउ फोंग’. खूप पदार्थांवर वरून घातलेले असतात.

रस्सावाला
‘चाय’ म्हटल्यावर चहा आणून दिला तर?

गवतीचहा
@रस्सावाला, चहाला ‘चा’ म्हणतात, आणि ‘चा का’मधला चा निराळा. खरी अडचण सुराची आहे. हाच ‘चाय’ सपाट स्वरात म्हटला तर शाकाहारी, स्वर वर नेला तर करपलेलं, आणि खाली आपटला तर पळ. म्हणून तोंडी प्रयोग न करता फोनवर खुणांसकट व्हिएतनामी लिपीत लिहिलेलं दाखवायचं. तुमच्या पूर्ण वाक्याचं चित्र काढून फोनमध्ये ठेवा, नेट लागत नाही.

रस्सावाला
म्हणजे ‘मी करपलेला आहे’ असं सांगत फिरलो असतो. बायकोने दुजोरा दिला असता.

तिखटजाळ
ओबामांचा बुन चा अजून कसा आला नाही धाग्यात? मीच आणतो. मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि टीव्हीवर खाद्यभ्रमंती करणारे शेफ अँथनी बोर्डेन हनोईत ले वान हुउ रस्त्यावरच्या ‘हुओंग लिएन’मध्ये जेवले. ते टेबल आता काचेत ठेवलेलं आहे आणि ‘कॉम्बो ओबामा’ मिळतो: बुन चा, समुद्री सारणाचा तळलेला रोल आणि हनोई बिअर. टेबल बघायला जरूर जा. चवीसाठी मात्र दारात कोळशाची शेगडी आणि पंखा दिसेल त्या दुकानात जा. बुन चाची अर्धी चव धुराची आहे, आणि मागे गॅसवर भाजलेलं मांस लगेच ओळखू येतं: कडा काळ्या नसतात, चरबी चिवट राहते.

खाताना वाडग्यातलं पाणी कोमट हवं, त्यात कच्च्या पपईच्या चकत्या. लसूण-मिरची आपल्या हिशेबाने घाला. शेवया एका घासापुरत्या बुडवायच्या. सगळ्या एकदम ओतल्या की पाणी पातळ आणि थंड.

हिंगाष्टक
म्हणजे याद्या सगळ्या बेकार? रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचं काय?

नीरफणस
बेकार नाहीत, वाचायच्या कशा ते ठरवा. मिशेलिनची पहिली व्हिएतनाम यादी जून २०२३ ची, हनोई आणि हो ची मिन्ह सिटीपुरती. दा नांग २०२४ मध्ये आलं. पहिल्या वर्षी चारच जागांना एकेक तारा. त्यातलं हनोईचं ‘ताम वी’ तुम्हाला उपयोगी: उत्तरेचं घरगुती जेवण, सहा जणांनी मधोमध ठेवून वाटून खाण्यासारखं. आधी टेबल राखून ठेवावं लागतं. ताऱ्यांखेरीज ‘बिब गुर्मां’ हा स्वस्त आणि मस्त जागांचा विभाग आहे, त्यात फोच्या साध्या टपऱ्याही आहेत. तो भाग बघा, आणि सकाळी सातला जा. साडेनऊला रांगेत पर्यटकच असतात.

तिखटजाळ
नीरफणस, यादीत नाव आलं की त्याच रस्त्यावर त्याच नावाची आणखी तीन दुकानं उगवतात, हेही लिहा. नावावर जाऊ नका, नंबर जुळवा.

कणीवाली
कम तामला न्याय द्या हो. ‘ताम’ म्हणजे तांदळाची कणी. गिरणीत तुटलेला, गरिबाच्या ताटातला तांदूळ, आणि आज सायगॉनची ओळख. कणी सुटी मोकळी शिजली पाहिजे. आपल्या कण्यांसारखी गुरगुटी झाली तर उठा. वर भाजलेली डुकराची बरगडी, भाजलेल्या तांदळाच्या पुडीत घोळलेल्या कातडीच्या सळ्या, अंड्याची वाफवलेली वडी आणि तेलात मऊ केलेली पात. गोड-आंबट माशाचं पाणी भातावर ओतायचं, बाजूला ठेवून भिजवत बसायचं नाही.

आणि बान सेओ म्हणजे घावन नव्हे! तांदळाचं पीठ, हळद आणि दक्षिणेत नारळाचं दूध. घावन मऊ, हे कडेला जाळीदार आणि कडक. मध्य भागात तळहाताएवढं, दक्षिणेत परातीएवढं दुमडलेलं. मोहरीच्या पानात किंवा लेट्यूसमध्ये तुकडा गुंडाळून बुडवायचं. सहा जणांनी सहा एकदम मागवली की शेवटची चार लोळागोळा होतात. दोन-दोन मागवा. आप्पेपात्रातल्यासारखं लहान भावंड हवं असेल तर वुंग ताउचं ‘बान खोत’, सायगॉनमध्येही मिळतं.

ओव्हरफेल्ट
थोडं अवांतर: हे सगळं करायला व्हिएतनामलाच जायला हवं असं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेमध्ये व्हिएतनामी वस्ती प्रचंड आहे आणि बे एरियातल्या मराठी घरांना वीस मिनिटांवर फो मिळतो. फक्त लक्षात ठेवा, अमेरिकेतले बहुतेक लोक १९७५ नंतर दक्षिणेतून आलेले, म्हणून तिथला फो सायगॉनी, परडीसकट, आणि वाडगा दीडपट. उलट बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या काळात उत्तरेतून कामगार आले, तिथे लिश्टेनबर्गच्या ‘दोंग सुआन’ बाजारात हनोईच्या पद्धतीचं खाणं मिळतं. ऑस्ट्रेलियात सिडनीचं कॅब्रामॅटा, मेलबर्नचं फुटस्क्रे.

उंडगा
म्हणजे जगात बहुमत सायगॉनचं. नोंद घ्यावी.

सदाफुली
गोड राहिलं. ‘चे’ म्हणजे मूग, चवळी, कमळबिया, साबुदाणा आणि नारळाचं दूध. गोव्याचं मणगणं आवडणाऱ्यांना परकं वाटणार नाही, आणि बहुतेक प्रकार शाकाहारी. फक्त जिलेटिनची जेली आहे का ते पाहा. कॉफीत हनोईला अंड्याची: न्गुएन हुउ हुआन रस्त्यावरचं ‘जांग’, १९४६ पासून. पिवळा बलक साखरेसह फेटून घट्ट फेस केलेला असतो. वाडगी गरम पाण्यात ठेवून देतात, कारण थंड झाली की अंडं वास मारतं, तेव्हा फोटो कमी काढा. ह्वेला मिठाची कॉफी.

कालगणक
धागा छान चाललाय, पण मूळ पोस्टमधल्या तारखेकडे कोणाचंच लक्ष नाही. ५ फेब्रुवारी २०२७? ६ फेब्रुवारीला तेत आहे, व्हिएतनामचं नववर्ष. तुम्ही वर्षाच्या शेवटच्या दिवशी हनोईत उतरताय. वर वर्णन केलेली एकपदार्थी दुकानं म्हणजे कुटुंबाची दुकानं, आणि ती कुटुंबं गावी गेलेली असणार. काही चौथ्या-पाचव्या दिवशी उघडतात, काही आठवड्याने. उघडी असतील ती सणाचा वाढीव दर लावतात. उरतील हॉटेलांची रेस्टॉरंटं आणि पिझ्झा.

पायवाट
बाप रे. हे कोणत्याच यादीत नव्हतं. मग कधी जावं?

कालगणक
दहा-बारा दिवस पुढे सरका. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. दिनदर्शिका पाहून ठरवता येतं. पंधराव्याला ‘राम’ म्हणतात, निदान दक्षिणेत उच्चार तसा होतो. त्या दिवशी एरवी मांस विकणारी दुकानंही ‘चाय’ची पाटी लावतात. आणि वर्षातली पहिली पौर्णिमा सगळ्यांत मोठी. २०२७ मध्ये ती २० फेब्रुवारीला येते, आपल्या माघी पौर्णिमेच्या सुमारास.
त्या दिवशी ह्वेमध्ये असा. मठांचं गाव, शाकाहारी स्वयंपाकात देशात नाव.

पायवाट
म्हणजे १६ ला हनोई, १९ आणि २० ला ह्वे, २१-२२ होई आन, मग सायगॉन. मांसाहारी दोघांना २० तारखेला ह्वेमध्ये उपास घडणार असं दिसतंय.

माहीमकर
नाही घडणार. त्यांना १९ तारखेला सकाळी सातला बुन बो ह्वे खायला घाला. गवती चहाचा वास आणि वर लाल तेलाचा तवंग असलेला घ्या, आणि शेजारच्या बशीतल्या बारीक केळफुलाच्या चिरी घालायला विसरू नका. त्यानंतर दुपारी बान बेओ: वाटीतल्या इडलीसारखे, पण बशीएवढे पातळ, वर सुक्या कोळंबीचा चुरा. दहा बश्यांचा एक ताट हा एकाचा नाश्ता आहे, जेवण नव्हे.

शेपू_नको
केळफूल चालेल. शेपू नाही ना त्यात?